वासरालाही पुडी, बाळालाही पुडी – मग ताकानं काय घोडं मारलंय?

गोठेवाली | सोमवार, सकाळी ६:५०

आमच्या गोठ्यात अकरा गाई आहेत, बहुतेक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. गेल्या आठवड्यात नऊ दिवसांच्या कालवडीला हगवण लागली. पिवळी, पाण्यासारखी, शेपूट कायम भरलेली. डॉक्टर आले, क्षारांची पावडर दिली आणि वर एक पुडी दिली, रोज एकदा दुधातून द्यायला. पुडीवर लिहिलंय 'लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरिया' आणि खाली तीन-चार लॅटिन नावं.

त्याच आठवड्यात पुण्याला माझ्या बहिणीच्या चौदा महिन्यांच्या मुलाला जुलाब झाले. बालरोगतज्ज्ञांनी ओआरएस दिलं, झिंक दिलं आणि एक पुडी. बहिणीनं फोटो पाठवला तर तिच्यावरही लॅक्टोबॅसिलस! माझ्या पुडीतलं एक नाव तर जसंच्या तसं.

सासूबाई म्हणाल्या, "दोघांनाही ताक पाजा. विरजणात असतं तेच पुडीत भरून विकतात." मला त्यांचं म्हणणं खोडता येईना, आणि मनापासून पटेनाही. गाईच्या पोटात चार कप्पे, माणसाच्या पोटात एक. दोघांना एकच जीवाणू कसा चालेल? आणि चालत असेल तर मग घरचं ताक का नाही? कुणी नीट समजावून सांगेल का? कालवड अजून पूर्ण बरी नाही, म्हणून जरा घाईनं विचारतेय.

अनुस्वार | सोमवार, सकाळी ७:२०

माहिती नाही, पण प्रश्न फार आवडला. वाचतोय.

रवी_आणि_माठ | सोमवार, सकाळी ८:०५

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मी अडुसष्ट वर्षांची, राजापूरकडची. आमच्याकडे पोट बिघडलं की गुरगुट्या भात आणि वर अदमुरं दही. औषध म्हणून नाही, पथ्य म्हणून. माझी तिन्ही मुलं त्यावर वाढली. नाचणीची आंबील उन्हाळाभर असायची. ती आंबते तीही याच जीवाणूंमुळे ना? मग पुडीत निराळं काय असतं ते मलाही समजून घ्यायचंय. ताकाला कुणी कमी लेखलं तर मात्र मी भांडणार.

खूर_शिंग | सोमवार, सकाळी ९:४०

पशुवैद्य आहे. गोठेवाली ताई, आधी कालवडीचं बोलू.

क्षारपाणी चालू ठेवा आणि दूध तोडू नका. हगवणीत वासराचा जीव जंतूंपेक्षा जास्त करून पाणी आणि क्षार गेल्यानं जातो. डोळे खोल गेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तरी चटकन बसली नाही, तोंड गार लागलं किंवा चोखणं थांबलं, तर पुडी नको आणि ताकही नको. लगेच डॉक्टरांना बोलवा, शिरेतून सलाईन लागेल.

आता चार कप्प्यांचा प्रश्न. वासरू जन्मतं तेव्हा त्याचा पहिला कप्पा, म्हणजे रवंथाचं पोट, जवळजवळ कामाचा नसतो. वासरू चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाला एक पन्हळ तयार होते आणि दूध पहिल्या तीन कप्प्यांना बगल देऊन थेट चौथ्यात जातं. चौथा कप्पा म्हणजे आपल्या जठरासारखाच, आम्लाचा. म्हणजे दुधावरचं वासरू पोटाच्या हिशेबानं गाईपेक्षा तुमच्या भाच्याला जवळचं आहे. म्हणून दोन्ही पुड्यांवर सारखं नाव दिसलं तरी नवल नाही.

मोठ्या गाईत सगळं उलटं होतं. रवंथाच्या पोटाचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आंबट) ६ ते ७ च्या आसपास असतो आणि तिथे लॅक्टिक आम्लाचा साठा होऊन चालत नाही. लग्नाच्या मोसमात आम्हाला रात्री-अपरात्री फोन येतात. उरलेला भात, पोळ्या, जिलेबी कुणीतरी मायेनं गाईपुढे टाकलेली असते. एवढं पिष्ट आणि साखर एकदम पोटात गेली की स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा जीवाणू झपाट्यानं वाढतो. तो लॅक्टिक गटातलाच. मागून आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस वाढतात, सामू ५ च्याही खाली जातो, पोटाचं चलन थांबतं, रक्त आंबतं आणि धडधाकट गाय एक-दोन दिवसांत जाऊ शकते. तेव्हा आम्ही खाण्याचा सोडा देतो, सलाईन लावतो, आणि पोट निवळलं की निरोगी गाईच्या रवंथातलं पाणी काढून नळीनं आजारी गाईच्या पोटात सोडतो. तीही जीवाणूंचीच देणगी, पण ते जीवाणू निराळे.

थोडक्यात, जो जीवाणू वासराच्या आतड्यात हवासा, त्याचेच भाऊबंद गाईच्या रवंथात मोकाट सुटले तर जीव घेतात.

अनुस्वार | सोमवार, सकाळी १०:०२

जिलेबीचं माहीत नव्हतं. आमच्या कार्यालयामागे दर लग्नानंतर हेच चालतं. आज सांगतो सगळ्यांना.

सूक्ष्मदर्शी | सोमवार, दुपारी १२:३०

दुग्धशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांब लिहीन.

लॅक्टिक आम्ल जीवाणू ही एक जात नाही, कामावरून पडलेला गट आहे. साखर खाऊन मुख्यतः लॅक्टिक आम्ल करणारे ते सगळे यात आले. लॅक्टोबॅसिलस, लॅक्टोकॉकस, ल्यूकोनोस्टॉक, पेडिओकॉकस, एन्टेरोकॉकस, काही स्ट्रेप्टोकॉकस. दह्यात आहेत, इडलीच्या पिठात आहेत, मुरघासात (आंबवून टिकवलेल्या चाऱ्यात) आहेत, आतड्यात आहेत, योनीमार्गात आहेत, आणि दात किडवणाऱ्यांतही आहेत. त्यामुळे 'हे जीवाणू चांगले' हे वाक्यच अपुरं पडतं. कोणता, कुठे, किती, हे विचारावं लागतं.

प्रोबायोटिकची व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये अर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथे बसून केली. जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्याला फायदा करणारे. तिन्ही अटी पाहिजेत. जिवंत पाहिजेत, मात्रा पुरेशी पाहिजे आणि फायदा सिद्ध झालेला पाहिजे.

घरचं ताक पहिली अट सहज पाळतं. ताज्या दह्याच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवंत पेशी असतात, त्यामुळे दुसऱ्या अटीतही ते मागे नाही. अडतं ते तिसरीत. तुमच्या विरजणात नेमके कोण आहेत ते तुम्हाला माहीत नाही. शेजारणीच्या विरजणात दुसरेच असतील. तुमच्याही विरजणात मार्गशीर्षात एकांचं राज्य, वैशाखात दुसऱ्यांचं. मग फायदा नक्की कुणाच्या नावावर मांडायचा?

जीवाणूंचं नाव वाचायची रीत सांगते. पहिला शब्द आडनाव, दुसरा शब्द नाव, आणि त्यापुढचे आकडे-अक्षरं म्हणजे घर क्रमांक, त्याला स्ट्रेन म्हणतात. गावात पाटील पन्नास असतात. एका पाटलानं विहीर खोदली म्हणून सगळ्या पाटलांच्या शेतात पाणी येत नाही. फायदा सिद्ध होतो तो एका स्ट्रेनचा. दोन्ही पुड्यांवर नाव एकच असलं तरी घर क्रमांक एकच आहे का ते बघा. नसेल दिलेला, तर अर्धी माहिती दिलेली नाही.

अजून एक. लॅक्टोबॅसिलस हे आडनाव इतकं पसरलं होतं की २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ते कुटुंब फोडून २३ नवी आडनावं केली. प्लांटॅरम आता लॅक्टिप्लांटिबॅसिलस झाला, ऱ्हाम्नोसस झाला लॅक्टिकॅसिबॅसिलस. पाकिटांवर दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. पण 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस' असं दिसलं तर ते मुळात चुकीचं आडनाव आहे. तो बॅसिलस कोॲग्युलन्स. लॅक्टिक आम्ल करतो हे खरं, पण बीजाणू धरतो, आणि खरा लॅक्टोबॅसिलस बीजाणू धरत नाही.

रवी_आणि_माठ | सोमवार, दुपारी १:१५

सूक्ष्मदर्शी बाई, पाटलांचं उदाहरण डोक्यात बसलं. भांडायचं कारण उरलं नाही! पण एक विचारते. कढी उकळली की हे सगळे मरतात ना? आणि इडली वाफवल्यावर?

सूक्ष्मदर्शी | सोमवार, दुपारी १:४०

मरतात, आजी. त्यामुळे कढीला आणि इडलीला प्रोबायोटिक म्हणता येणार नाही. पण मरण्याआधी त्यांनी काम केलेलं असतं. इडलीच्या पिठात ल्यूकोनोस्टॉक पीठ फुगवतो आणि आंबवतो, धान्य-डाळीतली खनिजं अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं, पचायला हलकं होतं. अन्न म्हणून त्याची किंमत मोठीच आहे. तुमच्या आंबिलीलाही हेच लागू.

सरळरेघ | सोमवार, संध्याकाळी ६:१०

मी जरा विरोधी बाजू मांडतो, कारण औषधाच्या दुकानात उभा असतो आणि दर तिसऱ्या चिठ्ठीवर ही पुडी बघतो.

लहान मुलांच्या जुलाबावर एलजीजी, म्हणजे ऱ्हाम्नोससचा 'जीजी', हा सगळ्यात नावाजलेला स्ट्रेन. २०१८ मध्ये अमेरिकेत दहा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत तीन महिने ते चार वर्षं वयाच्या साडेनऊशेच्या आसपास मुलांवर त्याची चाचणी झाली. अर्ध्यांना एलजीजी, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी पुडी. जुलाब दोन्ही गटांत साधारण पन्नास तास टिकले. फरक नाही. त्याच सुमारास कॅनडात ऱ्हाम्नोसस आणि हेल्व्हेटिकस यांचं मिश्रण ८८६ मुलांना देऊन पाहिलं. तिथेही फरक नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेकडे कंपन्यांनी प्रोबायोटिकचे शेकडो दावे पाठवले होते. जवळपास सगळे परत आले. मान्य झालेला दावा कोणता, तर दह्याचा! दह्यातले जिवंत जीवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात, ज्यांना दूध सोसत नाही त्यांना. म्हणजे गोठेवाली ताईंच्या सासूबाई निदान या एका बाबतीत पुडीच्या पुढे आहेत.

माझं म्हणणं एवढंच की ओआरएस आणि झिंकवरचा लोकांचा विश्वास पुडीकडे सरकू नये. गेल्याच महिन्यात एक बाई पुडी घेऊन गेल्या आणि ओआरएस राहू द्या म्हणाल्या. मला त्यांना थांबवून समजवावं लागलं.

पाळण्याशेजारी | सोमवार, रात्री ९:३०

नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, सतरा वर्षं झाली. सरळरेघ यांचे आकडे बरोबर आहेत. पण चित्र तिथे संपत नाही.

ओडिशातल्या १४९ गावांमध्ये एक चाचणी झाली, २०१७ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आली. ४,५५६ नवजात बाळं, पुरेशा वजनाची, आईच्या दुधावरची. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सुरू करून त्यांना सात दिवस रोज प्लांटॅरमचा एक ठरावीक स्ट्रेन आणि त्याचा खाऊ म्हणून थोडी फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड साखर दिली. फक्त सात दिवस. साठ दिवसांपर्यंत लक्ष ठेवलं. औषध नसलेल्या गटात १०० पैकी ९ बाळांना जंतुसंसर्ग किंवा मृत्यू गाठत होता, औषधाच्या गटात ५.४. श्वसनाचे संसर्गही कमी झाले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रपाळी होती आणि समोर सेप्सिसची, म्हणजे रक्तात संसर्ग पसरलेली, दोन बाळं होती. साध्या, स्वस्त, सात दिवसांच्या गोष्टीनं एवढा फरक पडू शकतो हे वाचून मला रडू आलं होतं.

पण याचा अर्थ कुठलंही प्रोबायोटिक कुठल्याही बाळाला द्यावं असा मुळीच नाही. कमी दिवसांच्या, अगदी कमी वजनाच्या बाळांमध्ये दिलेलाच जीवाणू रक्तात उतरू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये याबद्दल डॉक्टरांना सावध केलं, कारण एक बाळ तसं दगावलं होतं. आमच्याकडे असा निर्णय फक्त डॉक्टर घेतात, घरून आणलेली पुडी चालत नाही. आणि नवजात बाळाला ताक, दही, मध, गुटी काहीही नको. फक्त आईचं दूध.

सरळरेघ | सोमवार, रात्री ९:५५

ही चाचणी मला माहीत नव्हती. मनापासून आभार. मग चौदा महिन्यांच्या मुलांत फरक नाही आणि नवजातांत एवढा, हे कसं?

पिल्लूवाला | मंगळवार, सकाळी ५:४५

याचं उत्तर मला कोंबडीत दिसतं असं वाटतं. संगमनेरकडे ब्रॉयलर करतो, पाच हजारांची शेड.

हॅचरीतलं पिल्लू कोंबडी बघतच नाही. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याचं आतडं म्हणजे कोरी पाटी. गावरान पिल्लू आईच्या मागे उकिरडा उकरतं, तिची विष्ठा चोचीत घेतं, दोन-तीन दिवसांत त्याच्या पोटात वस्ती होते. माझ्या पिल्लांना तुसावर जे भेटेल तेच. चांगलं आधी पोचलं तर ठीक, साल्मोनेला हा रोगाचा जीवाणू आधी पोचला तर संपलं.

म्हणून मी पहिल्या दिवसापासून पाण्यात लॅक्टिक जीवाणूंची पावडर देतो. सुरुवातीला पैसे वाया गेले. कारण शेडच्या टाकीत क्लोरीन होतं! मी एका हातानं जीवाणू घालत होतो आणि दुसऱ्या हातानं मारत होतो. पाच बॅचनंतर एका डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं वापरता?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता पावडरचं पाणी वेगळ्या, क्लोरीन नसलेल्या टाकीतून जातं, आणि सोबत प्रतिजैविक चालू नसतं. गोठेवाली ताई, तुम्हीही पुडी उकळत्या दुधात टाकत नाही ना ते बघा. कोमट दूध, हाताला सोसेल इतकंच.

आधी खाद्यातूनच प्रतिजैविकं यायची, वाढीसाठी. युरोपनं १ जानेवारी २००६ पासून ती बंद केली. आपल्याकडे कोलिस्टिन २०१९ मध्ये बंद झालं, आणि योग्यच झालं. माणसाला शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं औषध कोंबडीच्या वजनासाठी घालायचं नसतं. तेव्हापासून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी जीवाणूंकडे लक्ष वळवलं. पण पावडर घातली म्हणून ओलं तूस चालतं असं समजू नका. तूस कोरडं नसेल तर कुठलीच पावडर वाचवत नाही.

टाम्पेरेकर | मंगळवार, दुपारी २:२०

पिल्लूवाले दादा, तुम्ही जे लिहिलंत त्याला आमच्या इथल्या माणसाचं नाव आहे. मी बारा वर्षं फिनलंडमध्ये आहे.

१९७१ मध्ये इथे ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला इन्फांटिसची मोठी साथ आली. एस्को नुर्मी आणि रांताला यांनी एक साधा प्रयोग केला. मोठ्या, निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातलं द्रव्य एक-दोन दिवसांच्या पिल्लांना पाजलं. मग साल्मोनेला दिला, तर तो रुजलाच नाही. १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. घर आधीच भरलेलं असलं की चोराला खोली मिळत नाही, अशी ती कल्पना. आणि त्यात एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. एकटादुकटा लॅक्टोबॅसिलस देऊन तेवढं संरक्षण मिळेना. पूर्ण वस्तीच लागली.

एलजीजीही मूळचा अमेरिकेतला, १९८३ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या गोर्बाक आणि गोल्डिन यांनी निरोगी माणसाच्या आतड्यातून वेगळा केलेला. पण तो घराघरात पोचला तो इथल्या व्हालिओ डेअरीमुळे, १९९० पासून. माझी मुलं शाळेतून आली की तेच पितात. औषध म्हणून नाही, आवडतं म्हणून.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी ४:००

वा! या तीन प्रतिसादांनी सरळरेघ यांचं उत्तर जुळत आलं.

ओडिशातलं बाळ, हॅचरीतलं पिल्लू आणि नऊ दिवसांचं वासरू. तिघांचंही आतडं नुकतंच वसायला लागलंय. पहिल्या दिवसांत येणाऱ्याला तिथे जागा असते. चौदा महिन्यांच्या मुलाचं आतडं म्हणजे भरलेलं गाव, पाहुणा येतो, दोन दिवस राहतो आणि निघून जातो. म्हणून माझ्या मते 'प्रोबायोटिक चालतं का' यापेक्षा 'कोणत्या दिवशी' हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. सगळं याच एका कारणानं उलगडतं असं नाही, ओडिशात आणि अमेरिकेत आजार वेगळे, स्ट्रेन वेगळे. पण वेळेचं महत्त्व मला फार मोठं वाटतं.

खूर_शिंग | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

अगदी. आणि वासराच्या बाबतीत त्या पहिल्या दिवसांत पुडीच्याही आधी चीक येतो. जन्मल्यापासून तासाभरात पहिला चीक पोटात गेला पाहिजे, चोवीस तासांत वजनाच्या निदान दहाव्या हिश्शाइतका. साधारण चोवीस तासांनंतर आतड्याची भिंत आईची प्रतिपिंडं आत घेणं बंद करते. मग कितीही पाजा, उपयोग तेवढा नाही. खरवसासाठी चीक बाजूला काढणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, आधी वासराचं पोट भरा.

दुधावरच्या वासरांना लॅक्टिक जीवाणू दिल्यास हगवणीचं प्रमाण कमी होतं असं बऱ्याच चाचण्या एकत्र मांडल्यावर दिसलंय. म्हणून मी पुडी देतो. पण पहिल्या आठवड्यापासून, निरोगी असताना. हगवण लागल्यावर दिली तर ती जोडीला, मुख्य उपचार म्हणून नाही.

सातबारा | मंगळवार, रात्री ८:१५

मी मुरघास करून देतो, मक्याचा. आमच्याकडेही हेच जीवाणू बाटलीतून येतात. दाणा दुधाळ-चिकाळ झाला की कापायचा, कुट्टी बारीक, दाबून हवा काढायची, बॅग बंद. आतल्या हवेचा शेवटचा अंश संपला की लॅक्टिकवाले ताबा घेतात, सामू ४ च्या आसपास येतो आणि बाकीचे सडवणारे गप्प बसतात. बुख्नेरी नावाचा एक येतो, तो थोडं ॲसेटिक आम्लही करतो, त्यामुळे बॅग उघडल्यावर मुरघास लवकर तापत नाही. शेतकरी विचारतात, हे गाईच्या पोटालाही चांगलं का? मी काय सांगू?

खूर_शिंग | मंगळवार, रात्री ८:४०

सातबारा, ते चाऱ्याचं विरजण आहे असं सांगा. त्यांचं काम बॅगेत असतं, चारा टिकवणं. गाईला फायदा होतो तो चांगल्या चाऱ्याचा. आणि बुरशी आलेला थर काढून टाकायचा, "जीवाणू घातलेत, चालतंय" असं म्हणून गव्हाणीत ढकलायचा नाही, हेही सांगा.

मिशिगनची_मनी | बुधवार, पहाटे ४:५०

विषय निघालाच आहे तर विचारते. इथे थंडीत माझं दही लागतच नाही. आईनं सांगितलं म्हणून हिरव्या मिरचीची देठं टाकून पाहिली, एकदा लागलं, एकदा नुसतं तार येणारं चिकट झालं. एरवी कुणाच्या आनंदावर विरजण पडू नये म्हणतात, मी मात्र विरजण पडावं म्हणून वाट बघत बसलेय.

रवी_आणि_माठ | बुधवार, सकाळी ७:१०

मनी, दूध जास्त गार झाल्यावर विरजण लावतेस तू. करंगळी बुडवून कोमट लागेल तेव्हाच लाव, भांडं टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये दिवा लावून ठेव. आणि देठांचं दही खायला नको, त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लाव, मग तिसरं. तिसऱ्याला सूत जमतं.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी ११:००

आजींचं बरोबर. देठावरच्या जीवाणूंत कुणीही असू शकतं, म्हणून पहिलं दही बेभरवशाचं. तार येते ती काही जीवाणू साखरेचे लांब धागे विणतात म्हणून.

जाता जाता एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. दही कधीकधी अचानक लागेनासं होतं त्याचं एक कारण म्हणजे जीवाणूंना खाणारे विषाणू. डेअऱ्यांचं यानं मोठं नुकसान होतं. त्यांच्यापासून बचाव शोधताना एका डेअरी-संवर्धनं बनवणाऱ्या कंपनीतल्या बारांगू आणि होर्वाथ यांच्या गटानं २००७ मध्ये दाखवलं की दह्यातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस विषाणूच्या जनुकाचा तुकडा स्वतःत जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी ओळखतो. हीच ती क्रिस्पर. आज जनुकं कापायला जगभर वापरतात ते तंत्र समजायला दह्याच्या जीवाणूनं मोठा हात दिला.

मिशिगनची_मनी | बुधवार, रात्री १०:३०

ओव्हनच्या दिव्यात लागलं!! आजी, थेट पाया पडते.

रानजाई | गुरुवार, दुपारी ३:१५

थोडा वेगळा अनुभव. माझ्या आईची केमोथेरपी चालू होती. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. एका नातेवाइकांनी प्रेमानं प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणून दिल्या, "निसर्गातलंच आहे, अपाय नाही." मीही दोन दिवस दिल्या. डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी ताबडतोब बंद करायला लावल्या. प्रतिकारशक्ती एवढी कमी असताना हे जीवाणूही रक्तात संसर्ग करू शकतात. सुदैवानं काही झालं नाही, पण ते दोन दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो. कृपा करून आजारी माणसाला विचारल्याशिवाय देऊ नका.

सरळरेघ | गुरुवार, दुपारी ४:००

रानजाई, लिहिलंत हे फार बरं केलंत. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना सहा जीवाणूंचं मिश्रण नळीतून दिलं होतं, २००८ मध्ये निकाल आला. प्रोबायोटिकच्या गटात १६ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. संसर्ग कमी होईल या आशेनं दिलं होतं. आई आता कशा आहेत?

रानजाई | गुरुवार, दुपारी ४:२५

बऱ्या आहेत. पेशी वर आल्यावर डॉक्टरांनी स्वतःच दहीभात चालेल सांगितलं. त्या दिवशी दोन वाट्या खाल्ल्या.

गोठेवाली | शनिवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समजावेल असं वाटलं नव्हतं.

कालवड बरी आहे. मंगळवारी शेण घट्ट झालं, आज दावं ओढत होती. भाचाही बरा. बहिणीनं पुडी दिली, पण ओआरएस आणि झिंक काटेकोर दिलं, झिंक चौदा दिवस पूर्ण करणार आहे. दोन्ही पुड्यांवरचे घर क्रमांक पाहिले. भाच्याच्या पुडीवर आहे, माझ्या पुडीवर फक्त आडनाव-नाव. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी कंपनीला विचारतो म्हणून सांगितलं.

सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. लग्नातल्या जिलेबीपाशी त्या थांबल्या. त्यांच्या माहेरी एक गाय अशीच गेली होती, त्यांना वाटत आलं होतं की दृष्ट लागली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताक माणसांना."

आमची लक्ष्मी पुढच्या आठवड्यात वेणार आहे. चीक पहिल्या तासात, मोजून. पुडी कोमट दुधातून, पहिल्या आठवड्यापासून. खूर_शिंग डॉक्टर, लक्ष्मीला चीक कमी सुटतो, मागच्या वेळी दोन लिटरच मिळाला होता. दुसऱ्या गाईचा साठवून ठेवलेला चालेल का?

खूर_शिंग | शनिवार, रात्री ९:४०

चालेल. निरोगी गाईचा, पहिल्याच धारेचा, स्वच्छ भांड्यात काढून फ्रीजरमध्ये ठेवा. देताना कोमट पाण्यात भांडं ठेवून वितळवा. थेट विस्तवावर नको, फाटतो आणि प्रतिपिंडंही जातात. वजन काट्यावर घ्या, अंदाजानं नको. व्यायली की इथे कळवा.

रवी_आणि_माठ | शनिवार, रात्री ९:५५

आणि वासराचं पोट भरून उरला, तर खरवस.